पाय चेंडूवर होता का

कोल्हापूर, ९ फेब्रुवारी १९८४

अक्का,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात. पण पंधरा वर्षं जिनं स्वतःची खुशाली कळवली नाही, तिला ती कोणत्या तोंडानं विचारू? सरळ मुद्द्यावर येतो. सरूचं लग्न ठरल्याचं मला ज्ञानूनं सांगितलं. आपल्या गल्लीतला ज्ञानू, हल्ली तुमच्या गडहिंग्लजच्या गाडीवर कंडक्टर आहे तो. त्यानं तिकिटं फाडता फाडता तुमच्या शेजारच्या बाईकडून ऐकलं आणि स्टँडवर उतरल्यावर थेट उद्यमनगरात, मी वॉचमन आहे त्या फाउंड्रीच्या गेटवर आला. सख्ख्या भाचीचं लग्न मामाला कंडक्टरकडून कळतं. बोलायची सोय नाही, करणी माझीच आहे.

तू शाळेची पायरी चढली नाहीस, तेव्हा हे पत्र सरूच वाचत असणार. सरू, तू पाच वर्षांची असताना माझे खेळायचे बूट घालून आमच्या सोप्यात पडत-झडत चालायचीस. आता कॉलेजात जातेस म्हणे. मामाच्या अक्षराला हसू नकोस. सातवी झालेला गडी आहे मी, आणि ती सातवीही वर्गात कमी आणि मैदानात जास्त झाली.

अक्का, माझं मागणं एकच आहे. मुलीला मामानं अंतरपाटापर्यंत आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, ही आपली रीत. सरूला मामा एकच, तो मी. मला त्या जागेवर उभं राहू दे. मला जेवायला वाढू नका, माझ्याशी कुणी बोलू नका, अक्षता पडल्या की मी मागच्या मागं एसटीला जाईन.

मागं उभं राहणं एवढंच काम मला येतं. आठ वर्षं आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून आणि आठ वर्षं मुंबईला मिलच्या टीमकडून मी स्टॉपर म्हणून खेळलो. पुढची पोरं गोल करून खांद्यावर नाचायची. मी आपला गोलकीपरच्या पुढं आणि बाकी सगळ्यांच्या मागं. स्टॉपरचं नाव लोक फक्त गोल झाल्यावर घेतात, तेही शिवीसकट.

माझी बायको कालिंदी जाऊन पाच वर्षं झाली. तुला कार्ड टाकलं होतं. मूलबाळ नव्हतंच. मिल संपात बंद पडली ती उघडलीच नाही, म्हणून गेल्या वर्षी परत आलो. म्हणजे रडगाणं गात नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. मामा म्हणणारं मला दुसरं कुणी नाही.

किस्नात

कोल्हापूर, २६ फेब्रुवारी १९८४

अक्का,

उत्तर नाही. माझा हट्ट तुला माहीत आहे. मी लिहीत राहणार.

काल स्टेडियमवर मॅच बघायला गेलो होतो. पायऱ्यांवर बसलो तर मागच्या दोघांनी ओळखलं. एकजण म्हणाला, "ह्योच की तो किस्नात, हंबीररावाचा गुडघा काढला ह्येनंच." दुसरा म्हणाला, "आरं, लई भारी स्टॉपर व्हता त्यो." दोघंही आपल्या पेठेतले, दोघंही माझ्याबद्दल मानानंच बोलत होते. मी हाफटाइमला उठून घरी आलो.

आपल्या आबांनी तुला पलीकडच्या पेठेत दिली तेव्हा अख्खी तालीम रुसली होती, आठवतं? पोरगी दिली ती दिली, ती पलीकडच्या सेंटर फॉरवर्डला, हंबीररावाला दिली. तुझ्या वरातीत आपल्या तालमीची पोरं एका बाजूनं आणि दाजींची दुसऱ्या बाजूनं, मध्ये बँडवाले जीव मुठीत धरून. आमचे वस्ताद गणपतराव आबांना म्हणाले होते, "पाटील, आता तुमच्या घरातच मॅच लागली." त्या दिवशी सगळे हसले.

आणि दाजी खेळायचेही तसेच. चेंडू पायाला लागला की डावीकडं जाणार की उजवीकडं, हे त्यांच्या खांद्यावरून कधी कळायचं नाही. मी मुंबईत बंगालचे, गोव्याचे, हैदराबादचे फॉरवर्ड अडवले. दाजींसारखा एकच बघितला, आणि तो मला रोज गल्लीत भेटत होता.

एकोणसत्तरच्या त्या फायनलबद्दल मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं नवं काही नाही. खेळात लागतं. रेफ्रीनं फाऊलही दिला नव्हता. मिलचे साहेब कोल्हापुरातून एक गडी घ्यायला आले होते. दाजी पडले, जागा रिकामी राहिली, त्यांनी मला विचारलं, मी गेलो. कुणीही गेला असता. दवाखान्यात मी आलो होतो. तू दारातच उभी होतीस. "जा," म्हणालीस. मी गेलो आणि त्याच आठवड्यात मुंबईची गाडी धरली. दाजी तुम्हाला घेऊन गडहिंग्लजला भावाच्या पिठाच्या गिरणीत गेल्याचं मला मुंबईतच कळलं.

दर दिवाळीला तुला कार्ड टाकलं. एकाचं तरी उत्तर द्यायचंस.

किस्नात

कोल्हापूर, १४ मार्च १९८४

अक्का,

सरूचं कार्ड मिळालं. पंधरा वर्षांत पहिलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी गेटवर ट्रकची नोंद करत होतो. ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला.

सरू, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. तू लिहिलेलं मला आता पाठ झालंय. "आई एवढंच विचारते की त्या दिवशी तुमचा पाय चेंडूवर होता का. हो की नाही ते सांगा. दुसरं काही लिहू नका. त्यावर मामाचं काय ते ती ठरवणार आहे."

अक्का, पाय चेंडूवर होता. मी चेंडूच खेळायला गेलो. दाजी वळले आणि मध्ये आले. आईची शपथ.

आता तू काय ते ठरव.

किस्नात

कोल्हापूर, ११ एप्रिल १९८४

अक्का,

परवा दाजी आले होते. बस्ता बांधायला कोल्हापूरला आले आणि वाट वाकडी करून गेटवर आले, हे तुला त्यांनी सांगितलंच असेल. मी लांबून चालण्यावरूनच ओळखलं. तो पाय ते अजून जमिनीवर टेकवतात कमी आणि ओढतात जास्त. मी खुर्चीतून उठलो, पण पुढं जायचं धाडस झालं नाही.

"काय पावणं, वळख हाय का?" म्हणाले.

मी पाया पडायला वाकलो तर मला खांद्याला धरून उभा केला. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. म्हणाले, "तुजं पत्र पोरीनं वाचून दाखवलं. मला तवाच ठाव व्हतं. तालमीतली लोकं म्हनायची, मेव्हण्यानं मुद्दाम मारला. मी म्हनायचो, न्हाय रं, बायकोचा भाऊ हाय, असं करायचा न्हाय. खेळात व्हतंयच की."

मी विचारलं, "मग दाजी, इतकी वर्सं बोलला न्हाईसा?"

"मी कुटं बोलत नव्हतो? तुज्या भनीनं दार लावलं. तुजं नाव घरात काढायचं न्हाय म्हनली. का म्हनून इचारलं तर रडायची. मला आजून कळ्ळेलं न्हाय बघ." आणि मग हसून म्हणाले, "आता म्हनती, बोलवा त्येला. पत्रिकेत तुजं नाव घातलंय. तू उभा ऱ्हा पोरीच्या मागं. मला काय लई येळ उभं ऱ्हावत न्हाय."

चहाचे त्यांनीच दिले. मला देऊ दिले नाहीत.

अक्का, दार तू का लावलंस ते दाजींना कळलेलं नाही. मला कळलं. म्हणून ह्या पाकिटात दुसरा कागद घालतोय. सरू, तो तुलाच वाचावा लागणार, त्याला इलाज नाही. दाजी गिरणीत असतील तेव्हा दार लावून आईला वाचून दाखव आणि चुलीत घाल.

किस्नात

(दुसरा कागद)

अक्का,

अडुसष्टची भाऊबीज. मी तुझ्याकडं आलो होतो. दाजी तालमीत गेले होते. तू मला ओवाळलंस, सरू मांडीवर झोपली होती. आणि तू आवाज खाली आणून म्हणालीस, "किस्नात, ह्यांच्या उजव्या गुडघ्यात पानी व्हतंय. हाडवैद्याची पट्टी बांधून खेळत्यात. तालमीत कुनाला ठाव न्हाय, तू बी कुनाला सांगू नगंस. पर तू समोर आलास तर त्या बाजूनं जरा जपून. एवढी ओवाळणी घाल मला." मी तुझ्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

मी कुणाला सांगितलं नाही. वस्तादांनाही नाही. एवढा शब्द मी पाळला. पंधरा वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलोय, की मी कुणाला सांगितलं नाही.

फायनलला मिलचे साहेब खुर्ची टाकून बसले होते ते दाजींसाठी. नोकरीचं पत्र दाजींच्या नावानं तयार होतं, हे दोन्ही पेठांना माहीत होतं. मी आठ वर्षं घासत होतो आणि माझं नाव साहेबांच्या कागदावर कुठंच नव्हतं. दाजी मला त्या दिवशी दोनदा चकवून गेले. दुसऱ्या वेळी आपल्याच पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्यांदा आले तेव्हा चेंडू हातभर पुढं निघून गेला होता. मला तो दिसत होता. पाय मागं घ्यायला वेळ होता. मी तो गुडघ्यावर टाकला, उजव्या, बाहेरच्या अंगानं. दुसऱ्या कुणाला ती जागा माहीत नव्हती, म्हणून रेफ्रीला तो नेहमीचा धक्का वाटला.

तालमीसाठी केलं असं मी म्हटलं तर लोक माफ करतील. पण तालीम माझ्या डोक्यात नव्हती. साहेबांची खुर्ची होती.

पुढची आठ वर्षं मी दाजींच्या हक्काच्या नोकरीवर खेळलो. मिलची टीम जिंकली की आम्हाला हार घालायचे, आणि मी तो मान खाली घालून घ्यायचो. लोक म्हणायचे, गडी नम्र आहे.

मागच्या पत्रातली शपथ खोटी होती. हे खोटं पोटात घेऊन मला सरूच्या मागं उभं राहवणार नाही. तुला खरं सांगितलं, आता तू म्हणशील तसं. तू बोलावलंस तर ताठ मानेनं येईन.

किस्नात

गडहिंग्लज, १७ एप्रिल १९८४

मामा,

हे पत्र मी मैत्रिणीच्या घरी बसून लिहीत आहे. घरी कुणाला माहीत नाही.

तुमचा दुसरा कागद मी आईला वाचून दाखवला नाही. आधी एकटीनं वाचला, हे बरं झालं. पहिला कागद वाचून दाखवला, त्यातलाही दार लावण्याचा आणि दुसऱ्या कागदाचा शेवटचा भाग गाळून. आईनं विचारलं, "आनि काय लिव्हलंय?" मी म्हटलं, "नमस्कार लिहिलाय."

मामा, तुम्हाला आमचं घर माहीत नाही म्हणून सांगते. आई इतकी वर्षं सणाला गोड खात नव्हती. कारण विचारलं की, दात दुखतो म्हणायची. बाबा रोज रात्री पाय शेकत बसायचे आणि ती त्यांच्या पायाकडं बघायची नाही, तोंड फिरवून तेल द्यायची. आम्हाला वाटायचं तिला बाबांचा कंटाळा आलाय. बाबांनाही तसंच वाटायचं. तुमचं मार्चचं पत्र मी वाचलं, "पाय चेंडूवर होता," एवढं ऐकलं आणि ती तिथंच जमिनीवर बसली. मला तीनदा वाचायला लावलं. शपथेचं वाक्य चारदा. मग उठून बाबांचा पाय मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हातानं तेल लावलं. बाबा माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. तुमचा कागद वाचल्यावर कळलं.

आता तुम्हीच सांगा, हे तिला मी वाचून दाखवू? नवऱ्याचा गुडघा तुझ्या बोलण्यामुळं गेला, असं तिच्या मुलीनं तिला स्वतःच्या लग्नाच्या तोंडावर सांगायचं? तुम्हाला खरं बोलून हलकं व्हायचं होतं. ते ओझं तुम्ही आईवर टाकायला निघालात, आणि टाकलंत माझ्यावर. मला आता जन्मभर बाबांसमोर आणि आईसमोर गप्प बसायचं आहे. मी बसेन.

पण तुम्ही माझ्या मागं उभं राहू नका. तुम्ही मागं आहात हे माहीत असताना मला समोर बघता येणार नाही. आणि आई तुम्हाला पत्रिका पाठवणार हे नक्की आहे, तिनं तुमच्यासाठी फेटा आणलाय. तेव्हा येत नाही असं तुम्हीच लिहा. आजारी आहे म्हणून लिहू नका. ती हळदीच्या अंगणातून उठून एसटी धरेल आणि तुमच्या उशाला येऊन बसेल. रजा नाही म्हणूनही लिहू नका, बाबा फाउंड्रीच्या मालकांना भेटायला येतील. असं काहीतरी लिहा की तिला तुमचा राग यावा. साधा राग. तो तिला झेपेल.

दुसरा कागद मी जाळला.

सरोजिनी

कोल्हापूर, २० एप्रिल १९८४

सरू,

हे ज्ञानूच्या हाती तुझ्या मैत्रिणीकडं पाठवतोय.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी सगळं आयुष्य पुढचा काय करणार हे आधी ओळखण्यात घालवलं, आणि माझ्या कागदानं तुमच्या घरात काय होईल हे मला ओळखता आलं नाही. मला वाटलं होतं, खरं सांगणं म्हणजे भरपाई.

मला फार वाईट वाटतंय, पोरी. इतकं वाईट मला कालिंदी गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तिच्या वेळी निदान माझा दोष नव्हता.

तुझ्या आईला राग येईल असं पत्र लिहितो. आधीची तीन फाडली. प्रत्येकात शेवटी काहीतरी मऊ येत होतं. चौथं जमेल.

तू सुखात राहा. माझा आशीर्वाद घ्यावासा वाटला तर घे, नाहीतर राहू दे.

मामा

कोल्हापूर, २२ एप्रिल १९८४

सौ. चिमणाबाई हंबीरराव यांस,

पत्रिका मिळाली. लग्नाला येणं जमत नाही. त्याच दिवशी आमच्या तालमीनं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवलाय, आणि पहिला हार माझा आहे. स्टेडियमवर सगळी पेठ लोटणार. असा मान पुन्हा पुन्हा मिळत नाही. लग्नं काय, होतच असतात.

फेटा वगैरे आणला असेल तर तो दुसऱ्या कुणाला द्यावा. मुलीच्या मागं कुणालाही उभं करावं. दाजींच्या भावकीत माणसांना तोटा नाही. मंगलाष्टका होईपर्यंत नुसतं उभंच तर राहायचं असतं, त्याला सख्खा मामाच कशाला लागतो?

आम्ही खेळाडू माणसं. आम्हाला मैदानापुढं घरदार दिसत नाही, हे तुम्हाला पूर्वीपासून माहीत आहे.

उत्तर पाठवू नये.

कृष्णात